दाम 'शुद्ध देशी' म्हणे! मग त्या ग्रीकांचं काय करायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'परकीय शब्द टाळूया' अशी एक चौकट आली होती, तिच्याबद्दल लिहितोय. चौकटीत म्हटलंय की 'किंमत' अरबी, 'रेट' नि 'प्राइस' इंग्रजी, तेव्हा दुकानदारांनी पाटीवर आणि बिलावर सरळ 'दाम' लिहावं कारण दाम हा अस्सल देशी शब्द आहे, संस्कृत 'दामन्' म्हणजे दोरी, पूर्वी नाणी दोरीत ओवून ठेवायचे म्हणून पैशालाच दाम म्हणायला लागले. वाचायला एकदम झकास. आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर दिवसभर तेच फिरत होतं, वर हात जोडलेले इमोजी, आणि खंडेराव मार्केटमधल्या एका ओळखीच्या मसालेवाल्याने म्हणे लगेच खडूने 'हळदीचा दाम' असं लिहूनही टाकलं. लिहू दे की, माझी काही हरकत नाही, उलट मला हा शब्द फार आवडतो. पण कारण चुकीचं छापलंय हो. दाम हा मुळात ग्रीक शब्द आहे, आणि तो आपल्याकडे कसा रुळला ह्याची एक जुनी खूण आपल्याच अंगणात आहे, वडोदऱ्याहून गाडीने तासाभरावर असलेल्या भरूचच्या बंदरात. हे वडोदऱ्यात बसून वाचणाऱ्यांना तरी माहीत असायला हवं म्हणून जरा लांबलचक लिहितोय, कापायचं तर कापा पण मधलं भरूच कापू नका.

आधी ग्रीसमधलं बघू. शब्द आहे 'द्राख्मे'. 'द्रास्सोमाइ' असं ग्रीक क्रियापद आहे, त्याचा अर्थ मुठीत धरणे, गच्च पकडणे. म्हणजे द्राख्मे म्हणजे मूठभर. आता मूठभर काय? तर लोखंडी सळया. नाणी पाडायला लागण्याच्या आधी तिकडे मांस भाजायच्या लोखंडी सळया पैशासारख्या चालायच्या, आणि एका मुठीत अशा सहा सळया मावतात म्हणून सहा सळयांची एक मूठ. सळईला त्यांच्याकडे ओबेलोस, त्याचंच पुढे 'ओबोल' हे छोटं नाणं झालं, आणि सहा ओबोलचा एक द्राख्मा हा हिशोब मग चांदीची नाणी आली तरी तसाच राहिला. हे काही अलीकडच्या पंडितांनी डोकं लढवून काढलेलं नाही, प्लुटार्क नावाचा ग्रीक लेखक इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात हेच सांगून गेलाय. आणि नुसतं सांगणं नाही, आर्गोसजवळच्या हेरा देवीच्या देवळात खणताना अशा लोखंडी सळयांचा जुडगाच्या जुडगा सापडला, देवीला वाहिलेला. (जाता जाता, इजिप्तमधले ते उंच टोकदार दगडी खांब ज्यांना ओबेलिस्क म्हणतात ना, ते नावही ह्याच सळईवरून आलंय. ग्रीक लोक इजिप्तला गेले, तो अवाढव्य खांब बघितला आणि त्याला नाव काय दिलं तर 'छोटी सळई'. थट्टा करायची सवय तेव्हापासूनची.)

पुढे अथेन्सचा द्राख्मा सगळ्यात नावाजलेला झाला, साधारण ४.३ ग्रॅम चांदी, लॉरिऑनच्या खाणीतली. चार द्राख्म्यांचं जे मोठं नाणं त्याच्यावर घुबड, अथीनाचं घुबड, हे फोटो तुम्ही कुठे ना कुठे बघितले असतील. शंभर द्राख्म्यांचा एक म्ना, साठ म्नांचा एक टॅलेंट. पाचव्या शतकाच्या शेवटी, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या, अथेन्सच्या टेकडीवर एरेख्थिऑनचं देऊळ बांधत होते तेव्हा कारागिराला दिवसाला एक द्राख्मा मजुरी मिळायची असा हिशोब दगडावर कोरलेला मिळालाय. आणि मेलेल्या माणसाच्या तोंडात ओबोल ठेवायचे, पलीकडे नदी उतरवणाऱ्या नावाड्याचं भाडं म्हणून. आपल्याकडे तोंडात सोन्याचा तुकडा आणि तुळशीपत्र ठेवतात तसं काहीतरी.

मग अलेक्झांडर. त्याने अथेन्सचंच वजन आपल्या नाण्यांसाठी धरलं आणि तो जिथे जिथे गेला तिथे तिथे द्राख्मा गेला. तो मेल्यावर बल्ख आणि काबूलकडे जे ग्रीक राजे राहिले त्यांनी हिंदुकुश ओलांडून इकडे राज्य केलं, त्यातला मेनँडर म्हणजे पाली ग्रंथातला मिलिंद राजा, तोच तो भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारणारा. ह्या राजांनी इथे आल्यावर द्राख्मा हलका केला, साधारण २.४५ ग्रॅमचा, आणि नाण्यावर एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत प्राकृत लिहायला सुरवात केली. मेनँडरच्या नाण्यावर एकीकडे ग्रीकमध्ये बासिलेओस सोतेरोस मेनांद्रू आणि दुसरीकडे 'महरजस त्रतरस मेनद्रस', म्हणजे तारणहार महाराज मेनँडरचं. दोन भाषांमध्ये पाटी लावायचा प्रश्न तेव्हाही होता आणि त्यांनी तो भांडण न करता सोडवला, एवढंच म्हणतो आणि पुढे जातो.

आता भरूच. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यावर, इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराचं एक गाइड लिहून ठेवलंय, त्याला पेरिप्लस म्हणतात, लेखकाचं नाव कुणालाच माहीत नाही. पण माणूस स्वतः येऊन गेलेला दिसतो कारण भरूचबद्दल, ज्याला तो बारिगाझा म्हणतो, इतकं बारीक लिहिलंय की काय सांगू. नर्मदेच्या मुखाशी भरती किती भयंकर येते, नदीचं तोंडच सापडत नाही, गाळात जहाज रुतलं की उलटतं, म्हणून राजाच्या नोकरीतले स्थानिक कोळी मोठ्या होड्या घेऊन पार बाहेर समुद्रापर्यंत येतात आणि परदेशी जहाजं ओढत, वाट दाखवत बंदरात आणतात, त्या होड्यांची नावंसुद्धा देतो, त्राप्पागा आणि कोतुंबा. मग माल. बाहेरून येतो तो इटलीचा दारूचा माल (इटलीचीच जास्त खपते असं मुद्दाम लिहिलंय), तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच, सुरमा, हातभर रुंद भडक रंगाचे कमरपट्टे. राजासाठी वेगळं, चांदीची भांडी, गाणारी मुलं, वगैरे. जातो तो माल उज्जैनहून खाली उतरतो, त्याला तो ओझेने म्हणतो, अकीक आणि सुती कापड, आणि दक्षिणेत वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पुढे पूर्वेला दहा दिवसांवर तगर म्हणजे आपलं तेर, तिथूनही गाड्या भरून माल भरूचला येतो. म्हणजे मराठवाड्याचा माल भरूचच्या बाजारात, हे तेव्हापासून चालू आहे.

ह्या सगळ्यात दोन वाक्यं अशी आहेत की ज्यांच्यासाठी मी हे पत्र लिहायला घेतलं. एक, भरूचमध्ये सोन्याचांदीची परदेशी नाणी आणली तर इथल्या नाण्यांशी बदलताना फायदा होतो, म्हणजे सराफी आणि वटाव जोरात होता. आणि दुसरं, की भरूचच्या बाजारात अजूनही जुने द्राख्मे चालतात, ग्रीक अक्षरं असलेले, अलेक्झांडरनंतर राज्य केलेल्या अपोलोडोटस आणि मेनँडर ह्यांच्या छापाचे. लक्षात घ्या, मेनँडर जाऊन तेव्हा जवळजवळ दोनशे वर्षं झाली होती. दोनशे वर्षं जुनं नाणं, राजा नाही, राज्य नाही, आणि बाजारात चालू आहे, कारण व्यापाऱ्याला राजाशी देणंघेणं नसतं, चांदी खरी आहे ना मग झालं. आणि जे नाणं दोनशे वर्षं हातात खेळतं त्याचं नाव तोंडात बसणारच.

इथे कुणी म्हणेल की भरूच तिकडे, आमच्या बडोद्याचा काय संबंध. तर अकोटा. विश्वामित्रीच्या पलीकडचं, जिथे आज स्टेडियम आहे आणि संध्याकाळी ट्रॅफिकने जीव जातो, तिथे जुनं अंकोट्टक नगर होतं, आणि तिथल्या खोदकामात काशाच्या भांड्याची एक मूठ मिळाली तिच्यावर चक्क एरोस, ग्रीकांचा मदन. रोमन साम्राज्यातून आलेलं भांडं. अकोट्याच्या जैन काशाच्या मूर्ती सगळ्यांना माहीत असतात पण ह्या मुठीबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आता माझ्या ओळखीत एक गृहस्थ आहेत, नाणी जमवतात, त्यांनी मला एकदा क्षत्रपांचं, म्हणजे गुजरातकडे राज्य केलेल्या शक राजांचं, नाणं हातात दिलं होतं. आकाराने करंगळीच्या नखापेक्षा थोडं मोठं, वजन म्हणाल तर दोन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे त्या ग्रीक राजांच्या हलक्या द्राख्म्याचाच वारसा. एका बाजूला राजाचं डोकं, उजवीकडे बघणारं, टोपीसारखं काहीतरी, मिशी, डोक्यामागे शक वर्षाचा आकडा. आणि डोक्याभोवती कडेने ग्रीक अक्षरं. म्हणजे अक्षरं म्हणायची पद्धत. नुसत्या उभ्या रेघा, गोल, मध्येच एक वाकडी कड. ह्याच क्षत्रपांपैकी आधीचा नहपान, त्याच्या नाण्यावर ग्रीक अक्षरं नीट वाचता येतात पण लिहिलेलं ग्रीक नाहीच, आपलंच 'रञो क्षहरातस नहपानस' ग्रीक लिपीत उतरवलेलं आहे. आज आपण 'कसा आहेस' हे रोमन अक्षरात टाइप करतो तसं. त्याच्यानंतरच्यांना ती अक्षरं वाचताही येईनाशी झाली तरी पाडणाऱ्याने ती काढली नाहीत, कारण ती नसली तर बाजारात नाणं खोटं वाटलं असतं. दुसऱ्या बाजूला तीन कमानींचा डोंगर, वर चंद्र, शेजारी सूर्य, खाली नदीची लाट, आणि ब्राह्मीत पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.

नहपानाची नाणी तर मराठी वाचकाला घरची वाटायला हवीत. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला १९०६ साली एक हंडा मिळाला, त्यात त्याची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी, आणि त्यातल्या साधारण दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप परत मारलेला. राज्य जिंकलं, पण नाणं वितळवलं नाही, वरून आपला शिक्का मारला आणि चालू ठेवलं. बरं, एक गोष्ट सांगायलाच हवी नाहीतर कुणीतरी माझंच पत्र खोडून काढेल, की नाशिकच्या लेण्यांतल्या लेखात ह्याच नाण्यांना 'काहापण' म्हटलंय, म्हणजे कार्षापण, 'द्रम्म' (द्राख्म्याचं आपल्याकडे झालेलं रूप) म्हटलेलं नाही. सरकारी लेखात जुनं नाव आणि बाजारात नवं हे काही नवलाचं नाही. शिवाय हा शब्द थेट ग्रीकांकडून आला की मध्ये इराणच्या 'द्रह्म' ह्या रूपाचाही हात आहे ह्यावर अभ्यासकांचं एकमत नाहीये, ससानी राजांची पातळ रुंद नाणी हूणांबरोबर इकडे आली आणि त्यांच्या नकलांच्या नकला होत होत शेवटी राजाचं तोंड ओळखू येईना तेव्हा लोकांनी त्यांना 'गधैया' म्हणायला सुरवात केली, गुजरात आणि माळव्यात ती ढिगाने मिळतात. पण इराणी द्रह्म झाला तरी तो ग्रीक द्राख्म्याचाच मुलगा, तेव्हा वाट कुठलीही धरा, घर तेच.

आता तुमच्या दोरीकडे वळतो. 'दामन्' म्हणजे दोरी हे बरोबर, दामोदर म्हणजे ज्याच्या पोटाला दोरी बांधली तो, हेही बरोबर. पण दामन् पासून मराठीत 'दाम' होऊच शकत नाही. कसं ते बघा. संस्कृतातला एकटा म, दोन स्वरांच्या मधला, मराठीत येताना व होतो. ग्रामचं गाव, नामचं नाव, पंचमचा पाचवा. आमच्या शेजारचे गुजराती 'गाम' आणि 'नाम' म्हणतात, आम्ही 'गाव' आणि 'नाव' म्हणतो, हा फरक वडोदऱ्यातल्या मराठी माणसाच्या कानावर रोज पडतो, त्यासाठी व्याकरण शिकायला लागत नाही. मग दामन् चं मराठीत काय झालं? 'दावं' झालं. गुरं बांधायचं दावं! आणि गुरं बांधायची 'दावण'. दोरीचा शब्द बरोबर गोठ्यात जाऊन पोचलाय, तो तिजोरीत आलाच नाही.

म टिकतो कधी, तर तो जोडाक्षरातून आला तर. कर्म, कम्म, काम. चर्म, चम्म, चाम. घर्म, घम्म, घाम. प्राकृतात जोडाक्षराचं डबल झालं आणि मराठीत येताना डबल सुटून आधीचा स्वर लांबला. तसंच द्रम्म, दम्म, दाम. तुम्हाला सांगतो 'दाम करी काम' ही म्हण आपण इतक्या वेळा म्हणतो पण तिच्यातलं यमक योगायोगाचं नाही, दोन्ही शब्द एकाच घाण्यातून निघालेत, फरक इतकाच की एक संस्कृत आणि एक ग्रीक. आणि त्याच्याहून भारी म्हणजे चमडी आणि दमडी. चामला 'डी' लागून चमडी, दामला 'डी' लागून दमडी. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, ह्यात चमडी आपली आणि दमडी अथेन्सची!

'द्रम्म' हा नुसता भाषावाल्यांनी कल्पनेने उभा केलेला मधला टप्पा नाहीये हं, लेखी आहे, ढीगभर आहे. भास्कराचार्यांची लीलावती घ्या, ११५० च्या सुमाराची, सुरवातीलाच कोष्टक दिलंय, वराटकानां दशकद्वयं यत् सा काकिणी. वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. म्हणजे एका द्रम्मात बाराशे ऐंशी कवड्या. आपल्याच सह्याद्रीच्या बाजूचा गणिती, शुद्ध संस्कृत श्लोक, आणि मध्ये ग्रीक नाणं बसलंय, त्यांना काही विटाळ झाला नाही.

आणि गुजरातचं तर विचारूच नका. चौलुक्यांच्या काळापासूनच्या इथल्या दस्तऐवजांच्या नमुन्यांचं एक पुस्तक आहे, लेखपद्धति, म्हणजे कर्जरोखा कसा लिहायचा, गहाणखत कसं लिहायचं, ह्याचे फॉर्म. ते १९२५ मध्ये आपल्या वडोदऱ्यातूनच गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापून निघालं, दलाल आणि श्रीगोंदेकर ह्या दोघांनी संपादन केलेलं, म्हणजे एक गुजराती आणि एक मराठी, खास बडोदा कारभार. त्यात कर्जाची रक्कम लिहिताना नुसतं इतके द्रम्म असं लिहीत नाहीत, श्रीमाळच्या टांकसाळीत पाडलेले, तीनदा पारखलेले, बाजारात व्यवहाराला चालणारे असे अमुक द्रम्म, अशी लांबच लांब शेपटी लावतात. कोर्टकचेरीचा अनुभव असल्याशिवाय असली भाषा सुचत नाही. आणि तो नमुना वाचताना मला पहिल्यांदा जाणवलं की आपले स्टँप पेपरवाले उगाच बदनाम आहेत, परंपरा जुनी आहे.

पुढचा प्रवास मात्र उतरणीचा. अकबराच्या वेळी 'दाम' म्हणजे तांब्याचं नाणं, वीस-एकवीस ग्रॅमचं, आणि चाळीस दामांचा एक रुपया. चांदीचा तांब्यावर आला. त्याचा आठवा हिस्सा दमडी, म्हणजे रुपयाला तीनशेवीस दमड्या. आईने-अकबरीत सुभ्यांचा महसूल दामांत मांडलाय, कोटींचे आकडे, त्यामुळे नाणं हलकं झालं तरी शब्द जड राहिला. मग नाणं गेलं आणि शब्द उरला, नुसता 'किंमत' ह्या अर्थाने. एक छदामही देणार नाही म्हणतो तेव्हा त्या छदाममध्येही हाच दाम बसलाय.

ह्याच्यात एक शब्द मात्र मला मुद्दाम काढायचाय, 'दामदुप्पट'. आज पेपरात हा शब्द कधी येतो? अमुक दामदुप्पट योजनेचा संचालक पसार, ठेवीदार हवालदिल. म्हणजे हा शब्द आता आमिषाचा झालाय. पण मुळात दामदुपट हा नियम सावकाराला लगाम घालायला होता, की व्याज कितीही वाढलं तरी एका वेळी मुद्दलाइतकंच वसूल करता येईल, त्याच्या वर नाही, मुद्दल आणि व्याज मिळून दुप्पट, बस. मनुस्मृतीत आहे, कुसीदवृद्धिर्द्वैगुण्यं नात्येति. इंग्रजांच्या कोर्टांनी मुंबई इलाख्यात तो मान्य केला आणि इंग्रजी कायद्याच्या पुस्तकांमध्ये 'दामदुपट' हाच शब्द जसाच्या तसा गेला. कमाल मर्यादेचा शब्द किमान परताव्याच्या जाहिरातीत वापरतात आणि लोक पैसे भरतात. चौकटी छापायच्याच तर ह्याच्यावर छापा, चार लोकांचे पैसे वाचतील.

'साम दाम दंड भेद' मधल्या दामचाही उल्लेख तुमच्या चौकटीत पुरावा म्हणून होता, तर तेही जमत नाही. संस्कृत नीतिग्रंथांत उपाय आहेत साम, दान, भेद, दंड. दान. आपण बोलताना दानचं दाम केलं, साम-दाम असं कानाला गोड लागतं म्हणून, आणि शिवाय कशासाठी द्यायचं ते जास्त स्पष्ट होतं म्हणूनही असेल.

आता ग्रीसमध्ये काय झालं विचाराल तर तिथे द्राख्मा मध्ये शेकडो वर्षं गायब होऊन, १८३२ मध्ये नवीन स्वतंत्र देशाचं चलन म्हणून परत आला आणि २००२ मध्ये युरो आल्यावर कायमचा गेला, ३४०.७५ द्राख्म्यांना एक युरो ह्या भावाने. माहेरीच राहिला नाही. पण दुबईत दिरहम आहे, मोरोक्कोत दिरहम आहे, आर्मेनियात १९९३ पासून द्राम आहे, सगळी ह्याच घरची मंडळी. आमच्या इथल्या कितीतरी घरांत पोरगा दुबईला आहे, महिन्याच्या महिन्याला दिरहमचा रेट बघतात आणि मग मार्केटमध्ये जाऊन भाजीचा दाम विचारतात, आणि दोन्ही वेळा तोंडात तेच नाव असतं हे कुणाच्या गावीही नसतं.

आणि अजून एका ठिकाणी तो जिवंत आहे, ते मात्र तुम्ही आज संध्याकाळीच जाऊन बघू शकता. रावपुऱ्यातल्या कुठल्याही होमिओपॅथीच्या दुकानात जा. काउंटरवर उभं राहून गोळ्या मागितल्या की तो विचारतो, एक ड्राम देऊ का दोन ड्राम? काचेची बारीक शिशी, वर बूच किंवा आता प्लॅस्टिकचं पांढरं झाकण, साबुदाण्याएवढ्या साखरेच्या गोळ्या, त्यावर औषधाचे थेंब टाकून तो शिशी तळहातावर दोनदा आपटतो आणि पुडीवर नाव लिहून देतो. तो ड्राम म्हणजे द्राख्मा. द्राख्मा नाणं होतं तसं वजनही होतं, औषधवाल्यांनी ते वजन धरून ठेवलं, मग पातळ औषधासाठी माप झालं साधारण साडेतीन मिलीचं, आणि जगभर ग्रॅम-मिली आले तरी होमिओपॅथीच्या शिशीने काही ते सोडलं नाही. शिशी बरोबर मुठीत मावते, हे सांगायचा मोह आवरत नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की शुद्ध-अशुद्धच्या गाळणीतून दाम पास होतो ह्या कारणासाठी तो वापरा असं सांगू नका. ती गाळणी लावलीत तर मग 'केंद्र' पण जाईल, तो ग्रीक केंत्रॉन आहे, टोचणी, कर्कटकाचं टोक. 'होरा' जाईल, 'सुरुंग' जाईल, पत्रिकेतला अर्धा शब्दसंग्रह जाईल, आणि मग केंद्र सरकारला काय म्हणायचं हे आधी ठरवावं लागेल. वराहमिहिराने उज्जैनच्या बाजूला बसून सहाव्या शतकात सरळ लिहून टाकलंय की यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्याकडे नीट आहे म्हणून त्यांनाही ऋषींसारखा मान देतात. इतकं साधं होतं ते. भाषाशुद्धीवाल्यांनी आपल्याला दिनांक दिला, महापौर दिला, चांगले शब्द आहेत, मी वापरतो, पण म्हणून तारीख कुणी सोडली नाही. आणि नवीन पिढीला 'दाम' वापरायला लावायचं असेल तर दोरीची खोटी गोष्ट सांगण्यापेक्षा भरूचच्या बंदरात दोनशे वर्षं जुनं नाणं खणखणीत चालत होतं ही खरी गोष्ट शंभरपट चांगली आहे, पोरं कान टवकारून ऐकतात, मी आमच्या सोसायटीतल्या पोरांवर करून बघितलंय.

तेव्हा विनंती अशी की पुढच्या रविवारी चौकटीची दुरुस्ती छापावी. फार जागा नको, चार ओळी पुरतील: दाम हा द्रम्म पासून, द्रम्म हा ग्रीक द्राख्मे पासून, दामन् पासून झालं ते दावं. आणि पुरवणीत हा विषय लिहिणाऱ्यांना वडोदऱ्याला यायचं झालं तर सयाजीबागेतलं म्युझियम आणि जमलं तर भरूचचा नर्मदेचा काठ मी स्वतः दाखवीन, जेवणाची सोय दांडिया बाजारात होईल. मसालेवाल्याने हळदीचा दाम असं लिहिलंय ते मी काही पुसायला सांगणार नाही, फक्त 'हळदीचं दाम' का 'हळदीचा दाम' ह्याच्यावरून तिथे गिऱ्हाइकांत वाद लागलाय, त्याचा निकाल तेवढा तुमच्या शुद्धलेखनवाल्यांनी लावून द्यावा.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
रावपुरा, वडोदरा